नंबर तीनचा शर्ट

सोमवारी सकाळी साडेआठला ताईंनी पिशवीची चेन उघडली आणि त्यांच्या लक्षात आलं, की नायक सुधारला आहे.

त्यानं सुधारून चालणार नव्हतं. नऊच्या शिफ्टला त्याची पुरती वाताहत व्हायची होती. खोलीच्या भिंतीला ओल आल्यासारखा रंग मारून झाला होता, खुर्चीचा एक पाय मुद्दाम कापून ठेवला होता, आणि या सगळ्याच्या मधोमध ज्या माणसानं खचून बसायचं, त्याचा शर्ट पिशवीत धुतलेला, इस्त्री केलेला, छान घडी घातलेला होता. कॉलर नव्यासारखी. दुसरं बटण, जे ताईंनी तीन आठवड्यांपूर्वी स्वतःच्या हातानं तोडलं होतं, ते जागच्या जागी. उजव्या कोपराला भोक होतं, तिथं आता इतकं बारीक रफू होतं की बोट फिरवल्याशिवाय कळू नये.

ताई स्टुलावर बसल्या. कपडेपटाला एका बंद पडलेल्या शाळेची प्रयोगशाळा मिळाली होती आणि तिथं स्टुलांना तोटा नव्हता. त्यांना आश्चर्य वगैरे वाटलं नाही. सव्वीस वर्षं या धंद्यात काढली की आश्चर्य वाटायचं बंद होतं, नुसते पाय दुखतात.

चित्रपट एका ग्रंथपालाचा होता. बायको जाते आणि मग तो हळूहळू उसवत जातो, एवढीच गोष्ट. हा माणूस चित्रपटभर फारसं बोलत नाही, त्यामुळे जे काही सांगायचं ते शर्टानं सांगायचं होतं. निळ्या पट्ट्यांचे चार शर्ट. नंबर एक बायको असतानाचा: गळ्यापर्यंत बटणं, खिशाला पेन, बाह्यांची घडी सुरीसारखी. नंबर दोनला वरचं बटण उघडं, एक बाही जास्त दुमडलेली, पेन आहे पण टोपण नाही. नंबर तीन म्हणजे माणूस तळाला गेलेला. नंबर चार अगदी शेवटी, तो स्वतः दुकानात जाऊन आणतो तो नवा, पुठ्ठ्याच्या घड्या अजून तशाच दिसत असलेला. नमुना म्हणून ताईंनी घरच्या कपाटातला यजमानांचा एक ऑफिसचा शर्ट न विचारता उचलून आणला होता आणि तसंच कापड शोधायला तीन बाजार पालथे घातले होते.

नंबर तीन करायला अकरा दिवस लागले होते. कापड दगडानं घासायचं, धुवायचं, वाळवायचं, पुन्हा घासायचं. खिशापाशी चहाचा डाग, तोही एकावर एक तीन, कारण असा माणूस एकदाच सांडत नाही. कोपर फाडण्याआधी ताईंनी दोन दिवस विचार केला, डावं की उजवं. मग ठरवलं, उजवंच. हा माणूस दिवसभर खिडकीशी बसत असणार, उजवं कोपर चौकटीवर टेकून, रस्त्याकडे बघत. कुठून सुचलं कोण जाणे, पण सुचलं, आणि त्या दिवशी ताईंना स्वतःचं जरा कौतुकही वाटलं.

कौतुक दुसरं कोणी करणार नव्हतंच. सव्वीस वर्षं पडद्यावर त्यांचं नाव 'साहाय्य' या शब्दाखाली, तेही इतर अकरा जणांच्या गर्दीत, आणि तोवर प्रेक्षक चपला शोधत असायचे. या वेळी मोठे वेशभूषाकार मध्येच दुसरा चित्रपट धरून निघून गेले आणि दिग्दर्शक म्हणाला, "ताई, आता तुम्हीच बघा." बघितलं. पण 'वेशभूषा' या शब्दापुढे नाव कोणाचं, हे निर्मात्यानं अजून ठरवलं नव्हतं. त्याच्या मेहुणीचं कपड्यांचं दुकान होतं. ती रोज सेटवर येऊन मोठ्या छत्रीखाली बसायची. सगळे तिला बुटिकबाई म्हणत. निर्मात्यानं ताईंना स्वच्छच सांगितलं होतं, "तुमच्याकडून एक गडबड होऊ दे, मग मला घरी तोंड दाखवायला बरं पडेल."

गडबड आता पिशवीत घडी घालून ठेवलेली होती. ताईंनी घरी फोन लावला.

"अहो, माझ्या पिशवीतल्या शर्टाला हात लावलात का तुम्ही?"

"हात कसला, अख्खा रविवार लावला." पलीकडचा आवाज खुशीत होता. "बघितलास? मला वाटलं, तू काही बोलतच नाहीस."

"काय काय केलंत?"

"कॉलर उलटवली. झिजलेली बाजू आत, चांगली बाहेर. डाग लिंबानं गेला, एक जरा हट्टी होता. बटण माझ्या डब्यातलं, पण रंग जुळला की नाही? आणि कोपर..."

"कोपर बघितलं मी. कोणी शिकवलं हे?"

"मोबाइलवर एक बाई शिकवते. फार हळू बोलते. मला झेपलं."

ताईंनी फोन ठेवला. शनिवारी दुपारी त्या घरी आल्या होत्या त्या डाग पुन्हा गडद करायला शर्ट घेऊनच. आल्या आणि झोपल्या. रविवारी उठल्या, जेवल्या आणि परत झोपल्या. यजमानांना निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. आयुष्यभर नकाशांच्या ऑफिसात बसून डोंगरांच्या रेषा काढलेल्या माणसाच्या हाताला घरात काम नव्हतं, आणि ताईंनी नेमकी त्याच्या समोर पिशवी ठेवली होती. अकरा दिवस खपून त्यांनी जो माणूस मोडीत काढला, तो नवऱ्यानं एका रविवारात दुरुस्त करून दिला होता.

मास्टर आले. मास्टर म्हणजे कपडेपटाचे शिंपी, ताईंपेक्षा वयानं मोठे आणि ताईंपेक्षाही थकलेले. त्यांनी चष्मा वर केला, बाही उजेडात धरली आणि रफूवरून बोट फिरवलं.

"कोणाचा हात आहे?"

"यांचा."

"शिंपी आहेत?"

"नकाशे काढायचे."

"तरीच. हे रफू नाही ताई, ही मोजणी आहे. एक धागा इकडचा तिकडे नाही. माझ्याकडे पाठवा त्यांना."

"मास्टर, ते उसवायचंय."

मास्टरांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की जणू कोणी देवाच्या मूर्तीला रंधा मारायला सांगतंय. "हे मी नाही उसवणार," ते म्हणाले आणि शर्ट परत दिला. तेवढ्यात नायक आला. त्यानं तो ताईंच्या हातातून घेतला, अंगात घातला आणि आरशासमोर उभा राहिला.

नायक गुणी माणूस होता. कपडा अंगावर चढेपर्यंत त्याला अभिनय येत नसे आणि चढला की थांबवता येत नसे. शुक्रवारी हाच शर्ट घालून तो दारातून असा आत आला होता, की दिवे धरणाऱ्यांनी नाकं पुसली. आज त्यानं आरशात दोनदा खांदे पाडून बघितले. दोन्ही वेळा ते आपसूक वर आले.

"ताई, आज मला खचल्यासारखं वाटतच नाहीये," तो काळजीनं म्हणाला. "छाती सारखी पुढे येतेय."

"येणारच. कॉलर उलटवली आहे."

"माझी?"

"तुमची."

दारात कंटिन्युटीच्या बाई उभ्या होत्या. मागच्या दिवशी कुठलं बटण उघडं होतं आणि केस कुठे होते याचे फोटो जपणं हे त्यांचं काम. त्यांनी मोबाइलवरचा फोटो बघितला, नायकाकडे बघितलं, परत फोटो बघितला. "शुक्रवारी भोक होतं," त्या म्हणाल्या. भांडायचं म्हणून नाही, नोंद म्हणून. आणि दिग्दर्शकाला बोलवायला गेल्या.

दिग्दर्शक वयानं लहान आणि दाढीनं मोठा होता. त्याला प्रत्येक गोष्टीत अर्थ सापडायचा. चुकून कपबशी फुटली तरी त्यात अर्थ, दिवा गेला तरी अर्थ. ताईंच्या मनात आलं, आता हाच एक आधार.

"मुद्दाम केलंय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तळाला गेलेला माणूसही कधीतरी सुई हातात घेईल. स्वतःचं स्वतः शिवेल."

दिग्दर्शकानं डोळे मिटले. खोलीतले सगळे त्याच्या दाढीकडे बघत उभे राहिले.

"म्हणजे तो दारातून फाटका येतो," तो हळूच म्हणाला. "आणि पुढच्याच शॉटला खुर्चीत शिवलेला बसलाय. मध्ये काय झालं, आपण दाखवतच नाही. तो एकटा, सुई, दोरा. ताई, हे फार मोठं आहे."

"हो ना," ताई म्हणाल्या. सकाळपासून पहिल्यांदा त्यांना श्वास पुरला.

"गुरुवारी मुलीचा सीन झालाय," कंटिन्युटीच्या बाई म्हणाल्या. "तो याच्या नंतरचा आहे. मुलगी येते, त्याचं कोपर बघते आणि म्हणते, बाबा, शर्ट फाटलाय तुमचा. मग रडते."

"मुलीला परत बोलवू."

"ती परदेशात गेली. तिथून चार महिने येत नाही."

दिग्दर्शकानं डोळे उघडले. नुकताच सापडलेला अर्थ असा हातातून जाताना बघून त्याचा चेहरा अगदी शर्ट नंबर तीनसारखा झाला. "मग फाटकाच लागेल," तो म्हणाला. "अर्ध्या तासात." आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

डबल नव्हता. प्रत्येक शर्टाचे दोन असावेत म्हणून ताईंनी यादी दिली होती. पण निर्मात्यानं ती बुटिकबाईंना दाखवली आणि त्यांनी विचारलं होतं, "एकाच माणसाला एकसारखे दोन कशाला?" नंबर दोन घासून नंबर तीन करावा, तर नंबर दोनची दुपारी गरज होती आणि अकरा दिवसांचं काम अर्ध्या तासात होत नसतं. उरला एकच मार्ग. मास्टरांनी हात वर केले होते, तेव्हा ताईंनी स्वतः कात्रीचं टोक रफूत घातलं. टोक आत जाईना. यजमानांनी दोरा कुठला वापरला होता देव जाणे. मग शर्ट काढून नायकानं एका बाजूनं धरला, ताईंनी दुसऱ्या, आणि ओढला.

फाटल्याचा आवाज झाला. रफू शाबूत राहिलं. बाही मुंढ्यापासून निघून ताईंच्या हातात आली.

नायकाच्या हातात बिनबाहीचा शर्ट आणि ताईंच्या हातात एक बाही, अशी दोघं उभी असताना दारात छत्री दिसली. बुटिकबाईंना वाईट बातमी लांबून ऐकू यायची.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "फाटला का? फाटकाच हवा होता ना?"

"असा नाही," ताई म्हणाल्या.

"माझ्या दुकानात आहे एक. पट्टे नाहीत, पण रंग फार गोड आहे. कोण बघतंय हो पट्टे? कपड्याचं काय असतं, मापाचा असला म्हणजे झालं." आणि मोबाइल कानाला लावत त्या व्हरांड्यात गेल्या. "भावोजी, जरा इकडे येऊन जाता का? नाही, तसं विशेष काही नाही. ताईंची जरा गडबड झालीये."

ताई पुन्हा स्टुलावर बसल्या. त्यांना रडू येत नव्हतं, त्याला ताकद लागते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा एक शब्द त्यांच्या नावापर्यंत आला होता आणि आता तो त्या छत्रीखाली जाऊन बसणार, एवढंच डोळ्यांपुढे दिसत होतं. मास्टर म्हणाले, "निदान दोरा कुठला ते तरी विचारा. बाही मी परत बसवतो, पण ते कोपर ज्यानं शिवलं त्यालाच उसवता येईल." ताईंनी परत फोन लावला. यजमान म्हणाले, दोऱ्याचं सांगता येत नाही, दाखवावा लागेल. मी येतो. तीनच तर स्टॉप आहेत.

ते आले तेव्हा निर्माता पोचला नव्हता, एवढंच एक चांगलं होतं. हातात सुईदोऱ्याचा डबा धरून यजमान प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. त्यांची नजर आधी बाहीवर गेली.

"अगं, हे काय केलंस? काल तर झाला होता व्यवस्थित."

"अहो, हा चित्रपटातला आहे. हा असाच फाटका लागतो. तुम्हाला कोणी सांगितलं होतं शिवायला?"

"चित्रपटातला?" यजमान गोंधळले. "हा माझा शर्ट आहे."

"तुमचा कसा असेल?"

"मग कोणाचा? पट्टे माझे, कोपर माझं, दुसरं बटण नाही. माझ्या या पट्ट्यांच्या शर्टांतला एक बरेच दिवस सापडत नव्हता. मला वाटलं, हाच तो. तू शिवायला म्हणून पिशवीत घातलास आणि राहून गेला. तुला कामं असतात. तुला आठवण करण्यापेक्षा मीच शिकून घेतलं." ते जरा थांबले. "आणि परत पिशवीतच ठेवला. म्हटलं, सकाळी उघडशील, काहीतरी म्हणशील. तर तू चेन लावलेलीच घेऊन गेलीस."

ताईंनी तेव्हा त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे रोज बघत होत्याच, पण आता एखाद्या पात्राकडे बघावं तसं बघितलं. निळ्या पट्ट्यांचा शर्ट, हरवलेल्याचा जोडीदार. कॉलरची कड दाढीच्या खुंटांनी झिजून पांढरी पडलेली. दुसऱ्या बटणाच्या जागी दोन सुटे धागे. खिशापाशी चहा, एकदाचा नाही. आणि उजव्या कोपराला भोक. हॉलच्या खिडकीची चौकट बरोबर त्या उंचीवर होती. आपल्याला ते सगळं कुठून सुचलं, हे ताईंना कळलं आणि इतकी लाज वाटली, की त्यांनी हातातली बाही उगीचच घडी घालायला घेतली. पडद्यावरच्या माणसाचं एक बटण उघडं राहिलं तर त्याच्या मनात काय चाललंय ते त्या सांगू शकत. घरचा माणूस आठ महिन्यांत नंबर तीनला पोचला होता.

"सेम," कंटिन्युटीच्या बाई म्हणाल्या. त्या मोबाइलवरचा फोटो यजमानांच्या छातीशी धरून उभ्या होत्या. "डागसुद्धा. सर, जरा इकडे या."

दिग्दर्शक पायरीवरून उठून आला. तो यजमानांच्या भोवती एकदा फिरला, मग उलट्या बाजूनं एकदा. यजमान त्याच्या सोयीसाठी डबा या हातातून त्या हातात घेत राहिले.

"काढा," दिग्दर्शक म्हणाला.

पाच मिनिटांत यजमान बनियनवर होते आणि नायक आरशासमोर. त्यानं खांदे पाडायचा प्रयत्न केला नाही. बटणं लावतानाच ते खाली गेले. उजवं कोपर कुठेतरी टेकायला जागा शोधू लागलं. तो कापलेल्या पायाच्या खुर्चीत जाऊन बसला, आणि बाहेर कोणीतरी सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं, त्याची काही गरज नव्हती.

शॉट एकदाच झाला. दुसऱ्यांदा घ्यायचं कोणाला सुचलं नाही. निर्माता मध्येच येऊन पोचला होता. तो शेवटी रुमालानं डोळे टिपत मेहुणीला म्हणाला, "अगं, तू कशाला बोलावलं होतंस मला?" बुटिकबाईंनी छत्री मिटली. त्याही रडत होत्या आणि त्याबद्दल त्यांना ताईंचा फार राग आलेला दिसला.

दिग्दर्शक कपडेपटात आला तो सरळ ताईंकडे. "ताई, मी खूप वेशभूषा बघितल्या," तो म्हणाला. "पण ही वेगळी आहे. आधीचा शर्ट चांगला होता, पण तो केलेला वाटायचा. हा झालेला वाटतो. याला किती दिवस लागले?"

ताईंनी यजमानांकडे बघितलं. ते स्टुलावर बनियनवर बसून मास्टरांना मोठ्या उत्साहात रफूची रीत समजावत होते.

"आठ महिने," ताई म्हणाल्या.

"आठ महिने. आणि पद्धत कुठली?"

"पद्धत अशी नाही. आपण लक्ष द्यायचं नाही. आपोआप होतो."

"लक्ष द्यायचं नाही," दिग्दर्शक पुटपुटला आणि त्यानं ते वहीत लिहून घेतलं. मग मान वर करून निर्मात्याला ऐकू जाईल अशा आवाजात कंटिन्युटीच्या बाईंना म्हणाला, "वेशभूषेला ताईंचं नाव घाला. एकट्यांचं. पूर्ण पाटीवर." निर्मात्यानं डोळे टिपता टिपताच मान हलवली.

सव्वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य असं, इस्त्रीच्या टेबलापाशी, सकाळी अकरा वाजता बोललं गेलं. ताईंनी हो म्हटलं. आभारही मानले. जेवढा व्हायला हवा होता तेवढा आनंद झाला की नाही, ते बघायला त्यांना सवड मिळाली नाही, कारण दिग्दर्शकाला आता आणखी एक गोष्ट हवी होती.

"याचा डबल मात्र पाहिजे. परवा पावसाचा सीन आहे, हा एकच भिजवून चालणार नाही. ताई, असा अजून एखादा मिळेल?"

ताई काही म्हणणार, तोवर यजमानांनी स्टुलावरूनच मान वर केली. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्याकडची वस्तू मागत होतं. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"एखादा कशाला?" ते म्हणाले. "माझे सगळेच तसे आहेत."

"बघा," दिग्दर्शक निर्मात्याकडे वळून म्हणाला, "ही बाई घरीसुद्धा कामच करत असते."

ताईंनी गळ्यातली टेप काढली. "अहो," त्या यजमानांना म्हणाल्या, "जरा उभे राहा. सरळ." यजमान उभे राहिले, डबा हातात धरूनच. ताईंनी छातीचं माप घेतलं, वहीत लिहिलं, मग खोडलं आणि पुन्हा एकदा घेतलं. दोन्ही वेळा ते तेवढंच भरलं, त्यांच्या आठवणीतल्या मापापेक्षा दोन इंच कमी.